पेढी बुडाली, घर राहिले

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे दुकानादुकानांतून नव्या चोपड्या मांडल्या जातात. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, 'श्री' लिहिला जातो, बत्तासे वाटले जातात आणि जुन्या सालाचे देणे-घेणे नव्या वहीत ओढले जाते. बंगालमध्ये हा सोहळा दिवाळीत नसतो. तिकडे लक्ष्मीची पूजा कोजागरीला होऊन गेलेली असते, दिवाळीच्या अमावस्येची रात्र असते कालीमातेची, आणि व्यापाऱ्यांच्या नव्या वह्या उघडतात त्या वैशाखाच्या पहिल्या दिवशी. त्याला ते 'हालखाता' म्हणतात.

पण चोपड्यांची पूजा पाहिली की मला हटकून आठवते ते कलकत्त्याचेच एक घर. या घराची जमीन लक्ष्मीच्या नावाने मिळालेली. या घरातून एके काळी कोळशाच्या खाणी, आगबोटी आणि बँक यांचा कारभार हलत होता. मग पेढी बुडाली. पण घर राहिले, आणि असे राहिले की त्याचे नाव आज साऱ्या जगाला ठाऊक आहे, मात्र वेगळ्याच कारणासाठी. जोडासाँकोचे ठाकुरांचे घर ते हेच. आपण त्याला रवींद्रनाथांचे घर म्हणून ओळखतो. मुळात तो व्यापाऱ्याचा वाडा, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

काही वर्षांमागे आम्ही उभयता कलकत्त्यास गेलो होतो. तिकडे वीस वर्षे काढलेले आमचे एक स्नेही म्हणाले, "मोटारीने जाल तर पाच मिनिटांत फाटकाशी उतराल, आणि काही म्हणता काही पाहिल्यासारखे होणार नाही. लालबाजारपासून चालत चला. आधी रस्ता पाहा, मग घर पाहा." सौभाग्यवतींनी चपलांकडे एकदा काळजीने पाहिले आणि आम्ही निघालो.

तो रस्ता म्हणजे जुना चितपूर रोड. आज त्याच्या पाट्यांवर 'रवींद्र सरणी' असे नाव आहे. कलकत्त्याचा जन्म इंग्रज सांगतात तो २४ ऑगस्ट १६९० चा. त्या दिवशी जॉब चार्नॉक हुगळीच्या काठी उतरला. पण हा रस्ता त्याच्याही आधीचा आहे. उत्तरेकडून कालीघाटच्या देवीला जाणाऱ्या यात्रेकरूंची ही पायवाट. दोन्ही बाजूंना रान, मध्ये दरोडेखोरांची भीती. वाटेवर चित्तेश्वरी देवीचे देऊळ लागे. तिच्यावरून गावाला चितपूर आणि गावावरून रस्त्याला चितपूर रोड हे नाव पडले. देवीच्या नावाने पडलेली वाट सरळ कशी असणार? आजही हा रस्ता वाकडातिकडा, अरुंद आणि गर्दीने कोंदलेला आहे. एके काळी त्यातूनच ट्रामही वाट काढीत असे.

चालत गेल्याचा फायदा लगेच कळला. लालबाजारच्या बाजूला वाद्यांची दुकाने. कोणी सतारीला तारा चढवतो आहे, कोणी व्हायोलिन पुसतो आहे. पुढे नाखुदा मशिदीचे तांबड्या दगडाचे मनोरे दिसू लागतात. कच्छी मेमन व्यापाऱ्यांनी ही मशीद बांधवली; सिकंदऱ्याच्या अकबराच्या कबरीचा तिच्या घडणीवर ठसा आहे. तिच्या आसपास अत्तराचा वास दरवळतो. आणखी पुढे लग्नाच्या बँडवाल्यांची दुकाने. काचेमागे चकचकीत पितळी तुताऱ्या आणि जरीचे डगले. तसेच उत्तरेकडे गेले तर जात्रा कंपन्यांच्या कचेऱ्या लागतात. जात्रा म्हणजे आपल्या तमाशा-दशावताराच्या जातकुळीतले बंगाली लोकनाट्य. त्याही पुढे कुमारटोली, जिथे दुर्गेच्या मूर्ती घडतात. वाद्य, अत्तर, मिरवणूक, नाटक आणि देव, एवढे सगळे एका रस्त्यावर! बंगाली माणसाला संसारात आणखी काय लागते?

या रस्त्याच्या मध्याच्या सुमारास एक लहानशी गल्ली फुटते. गल्लीचे नाव वाचून मी थबकलो. 'द्वारकानाथ टागोर लेन'. म्हणजे मोठा रस्ता नातवाच्या नावाचा आणि गल्ली आजोबांच्या नावाची! काळाने वाटणी अशी केली आहे. आजोबांच्या हयातीत कोणी हे भाकीत केले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.

ठाकूर घराण्याची कुळकथा मोठी गमतीची आहे. हे मूळचे जेसोर भागातले ब्राह्मण, आडनाव कुशारी. पूर्वी कधी तरी पीर अली नावाच्या अंमलदाराच्या संसर्गाने त्यांच्या पूर्वजांची जात बाटली असे ठरले आणि 'पिराली ब्राह्मण' असा शिक्का बसला. कुलीन ब्राह्मण त्यांच्या पंक्तीला बसेनात, मुली देईनात. सतराव्या शतकाच्या अखेरीस या कुळातला पंचानन कुशारी नशीब काढायला गोविंदपूरला आला आणि परदेशी गलबतांना माल पुरवू लागला. वस्ती कोळ्यांची, त्यांनी या ब्राह्मणाला आदराने 'ठाकूर' म्हणायला सुरुवात केली. गोऱ्या खलाशांच्या जिभेवर ठाकूरचे 'टागोर' झाले. जातीने बाहेर लोटलेल्या माणसाला व्यापाराने नवे नाव दिले, आणि ते मूळ आडनावापेक्षा मोठे झाले.

१७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांना नवा किल्ला बांधायचा होता. त्यासाठी गोविंदपूर गाव उठवण्यात आले. ठाकूर मंडळी उत्तरेकडे पाथुरियाघाटा येथे राहायला गेली. तिथे नीलमणी आणि दर्पनारायण या भावांत मालमत्तेवरून बिनसले. आपल्याकडच्या वाड्यांतून ऐकू येते तीच कहाणी! नीलमणींनी आपल्या वाट्याचे पैसे घेतले, घरातला लक्ष्मी-जनार्दनाचा शाळिग्राम उचलला आणि बायकामुलांसह घर सोडले. वैष्णवचरण सेठ नावाच्या धनिक व्यापाऱ्याने त्यांना जोडासाँको येथे जमीन देऊ केली. पण ब्राह्मणाने असे दान घ्यावे कसे? तेव्हा तोड निघाली ती अशी, की जमीन नीलमणींना नको, लक्ष्मी-जनार्दनाला द्यावी. देवाने ती घेतली आणि १७८४ च्या सुमारास तिच्यावर ठाकुरांचे घर उभे राहिले. जोडासाँको म्हणजे साकवांची जोडी. तिथल्या ओढ्यावर तसे दोन साकव असत, म्हणून ते नाव.

या घरात १७९४ साली द्वारकानाथ जन्मले आणि चुलत्यांना दत्तक गेले. याच चितपूर रस्त्यावर शेरबोर्न नावाच्या साहेबाची शाळा होती. तिथे ते इंग्रजी शिकले. पुढे एका इंग्रज बॅरिस्टरापाशी कायदा शिकले, जमीनदारांचे कज्जे सांभाळले, कंपनी सरकारच्या मिठाच्या आणि अफूच्या खात्यात दिवाणगिरी केली. १८२९ साली युनियन बँक निघाली, तिच्यामागे तेच प्रमुख. १८३४ साली सरकारी नोकरी सोडून त्यांनी विल्यम कार या इंग्रजाबरोबर 'कार, टागोर आणि कंपनी' काढली. गोऱ्या आणि हिंदी माणसाने बरोबरीच्या भागीदारीने चालवलेली ही पहिली मोठी पेढी मानली जाते. त्या काळात हे धारिष्ट सोपे नव्हते. साहेबाच्या पेढीत हिंदी माणूस असे तो मुनीम म्हणून, दलाल म्हणून. भागीदार म्हणून नव्हे!

द्वारकानाथांची नजर लांबची होती. हुगळीत आगबोटी येऊ लागल्या होत्या. आगबोटीला कोळसा लागतो. त्यांनी १८३६ साली राणीगंजची कोळशाची खाण सत्तर हजार रुपयांना घेतली. गलबते ओढून आणायला वाफेच्या टग बोटी लागतात. त्यांची कंपनी काढली. नीळ, रेशीम, साखर, सगळ्यांत हात घातला. अफूतही घातला, हेही सांगायला हवे. चीनच्या माणसाला झिंगवणाऱ्या त्या व्यापारात त्या काळचे कलकत्त्याचे आणि मुंबईचेही कितीतरी बडे धनी होते. द्वारकानाथ त्याला अपवाद नव्हते. आणि त्याच पैशातून मेडिकल कॉलेजाला बक्षिसे मिळाली. राजा राममोहन रायांच्या सुधारणांमागेही हा मित्र उभा राहिला. राममोहनांची ब्राह्मसभा १८२८ साली सुरू झाली तीही याच चितपूर रस्त्यावर, एका भाड्याच्या घरात. १८४५ च्या विलायतवारीत द्वारकानाथांनी वैद्यक शिकण्यासाठी दोन बंगाली विद्यार्थी स्वतःच्या खर्चाने नेले. माणूस असा मिश्र धातूचा होता.

आता घरात काय चालले होते ते पाहू. कारण वाड्याचा इतिहास दिवाणखान्यात अर्धाच असतो. उरलेला माजघरात असतो.

द्वारकानाथांच्या पत्नी दिगंबरीदेवी मोठ्या कर्मठ आणि करारी. यजमान साहेबांबरोबर मेजवान्या झोडतात, मद्यमांसाचे सेवन होते, हे कानी आले तेव्हा त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही. मग स्वतः जाऊन डोळ्यांनी पाहिले. त्यांनी आकांत केला नाही, माहेरी गेल्या नाहीत. शास्त्री-पंडितांना विचारले, अशा पतीशी पत्नीने कसे वागावे? उत्तर मिळाले की सेवा सोडू नये, संग सोडावा. दिगंबरीदेवींनी ते अक्षरशः पाळले. संसाराच्या कामापुरते बोलणे. आणि बोलणे झाले की गंगाजलाने स्नान. हिवाळा असो, रात्र असो, स्नान चुकले नाही. त्या १८३९ साली वारल्या.

द्वारकानाथांनी जुन्या घराशेजारी आपल्यासाठी 'बैठकखाना' म्हणून दुसरी इमारत उभारली होती. त्यांची उठबस आता तिथे. म्हणजे एकाच अंगणात दोन घरे झाली. एक देवघराचे, एक मेजवानीचे. एक गंगाजलाचे, दुसरे झुंबरांचे. हे आजोबांचे बैठकखान्याचे घर वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१८४२ साली द्वारकानाथ 'इंडिया' नावाच्या स्वतःच्या आगबोटीतून विलायतेला निघाले. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. एडिंबरा शहराने मान दिला. लोक त्यांना 'प्रिन्स' म्हणू लागले. दुसऱ्या सफरीत, १ ऑगस्ट १८४६ रोजी, लंडनमध्ये ते वारले. पन्नाशी नुकती कुठे ओलांडली होती. देह तिथेच केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत ठेवला गेला. गंगेच्या काठचा माणूस थेम्सच्या गावी निजला.

आणि मग हिशेबाच्या वह्या उघडल्या.

१८४७ साली विलायतेतच व्यापारी मंदीचे वादळ उठले. निळीचे भाव कोसळले, कलकत्त्याच्या पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. युनियन बँक बुडाली आणि १८४८ च्या आरंभी कार-टागोर कंपनीचेही दरवाजे बंद झाले. थोरले चिरंजीव देवेंद्रनाथ तेव्हा तिशीतले. त्यांना व्यापारात रस नव्हता; ते उपनिषदांत रमलेले. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात आकडे दिले आहेत. देणे १ कोटीचे, येणे ७० लाखांचे. तीस लाखांचा खड्डा!

पण एक पळवाट होती, आणि ती खुद्द द्वारकानाथांनीच करून ठेवली होती. धंद्याचा भरवसा नसतो हे त्या जाणत्या व्यापाऱ्याला कळत होते. म्हणून १८४० साली त्यांनी विराहिमपूर, शहाजादपूर, कालिग्राम आणि ओरिसातील पांडुआ या जमीनदाऱ्या विश्वस्तनिधीत टाकून मुलांच्या नावे बांधून ठेवल्या होत्या. पेढीच्या कुठल्याही सावकाराला कायद्याने त्यांना हात लावता येत नव्हता. सावकारांची सभा भरली. पेढीच्या इंग्रज व्यवस्थापकाने हिशेब मांडला आणि विश्वस्त मालमत्ता तुम्हाला मिळणार नाही, असे स्वच्छ सांगितले.

तेव्हा देवेंद्रनाथांनी, धाकटे बंधू गिरींद्रनाथ यांच्या संमतीने, सांगितले की कायदा काही म्हणो, वडिलांचे देणे हे आमचे देणे. विश्वस्त मालमत्ताही आम्ही पुढे ठेवतो. तीही घ्या.

सभा अवाक झाली. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले, असे देवेंद्रनाथ लिहितात. ज्यांचे पैसे बुडत होते त्यांनीच या मुलांची काळजी वाहिली. मालमत्तेचा कारभार सावकारांच्या देखरेखीखाली चालावा आणि कुटुंबाच्या खर्चाला वर्षाला २५ हजार रुपये मिळावेत, असे ठरले. त्या राजेशाही घराच्या मानाने हे अगदी बेताचे होते. नोकरचाकर कमी झाले, गाड्याघोडे गेले, ताटातली पक्वान्ने गेली. पुढे कारभार हळूहळू पुन्हा देवेंद्रनाथांच्या हाती आला आणि कित्येक वर्षे खपून त्यांनी देणे फेडले. द्वारकानाथांनी आंधळ्यांच्या साहाय्यासाठी एका धर्मादाय संस्थेला १ लाख रुपयांचा शब्द दिला होता. त्याचा ना रोखा, ना तारण. तोही देवेंद्रनाथांनी व्याजासह पुरा केला.

माझ्या मते जोडासाँकोच्या घराचा खरा पाया १७८४ साली नव्हे, त्या सावकारांच्या सभेत घातला गेला. एरवी ते कलकत्त्यातल्या शेकडो पडक्या बाबूवाड्यांपैकी एक झाले असते.

देवेंद्रनाथांनी मूर्तिपूजा सोडून ब्राह्मधर्माला वाहून घेतले होते. लोक त्यांना महर्षी म्हणू लागले. पण मग घरच्या लक्ष्मी-जनार्दनाचे काय? गिरींद्रनाथ १८५४ साली वारले होते. त्यांच्या पत्नी योगमायादेवींना कुलदैवत सोडवेना. त्या मुलाबाळांसह, शाळिग्राम घेऊन, शेजारच्या बैठकखान्याच्या घरात राहायला गेल्या. विधिलिखित पाहा! ज्या घरात मेजवान्या झडत म्हणून दिगंबरीदेवी तोंड फिरवीत, त्याच घरात आता देव्हारा गेला. आणि जुन्या देवघरात निराकाराची प्रार्थना सुरू झाली. पत्त्याच्या भाषेत बोलायचे तर महर्षींचे घर ६ नंबर, बैठकखान्याचे ५ नंबर. माणसे एकाच रक्ताची. उत्सव वेगळे, देव वेगळे.

सहा नंबरच्या घरात ७ मे १८६१ रोजी महर्षींचे चौदावे अपत्य जन्मले, तेच रवींद्रनाथ. प्रिन्सच्या नातवाच्या अंगावर साधे सुती कपडे असत, आणि दहा वर्षांचा होईपर्यंत त्याला पायमोजे माहीत नव्हते. हे त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत सांगितले आहे. बुडालेल्या पेढीची ती सावली होती. कवी काटकसरीत वाढला, कारण बापाने आजोबांचे देणे फेडले होते.

या घराचा आणि आपल्या मुलखाचा धागाही इथेच जुळतो. रवींद्रनाथांचे बंधू सत्येंद्रनाथ हे आय. सी. एस. होणारे पहिले हिंदी गृहस्थ. १८६४ साली त्यांची नेमणूक झाली ती मुंबई इलाख्यात, आणि १८९७ साली ते निवृत्त झाले साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. दुसरे बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांनी लोकमान्यांचे 'गीतारहस्य' बंगालीत आणले. १८७८ साली विलायतेला जाण्यापूर्वी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईत प्रार्थना समाजाच्या डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या घरी इंग्रजी रीतिरिवाज शिकायला राहिले होते. त्यांची कन्या अन्नपूर्णा ही त्यांची शिक्षिका. तिला त्यांनी 'नलिनी' हे नाव दिले.

पण माझ्या सौभाग्यवतींना सगळ्यांत आवडली ती हकीकत साडीची. त्या काळी ठाकुरांच्या घरच्या बायका उंबऱ्याबाहेर पडत नसत. गंगास्नानाला जायचे तर बंद पालखीतून, आणि पालखीसकट त्यांना पाण्यात बुडवून काढीत! नेसण्यास एकच साडी; ती घरात ठीक, चारचौघांत जाण्याजोगी नव्हे. सत्येंद्रनाथांनी आपल्या पत्नी ज्ञानदानंदिनी यांना १८६४ साली मुंबईस आणले. इथे त्या माणेकजी करसेटजी यांच्या पारशी कुटुंबात राहिल्या. चोळी, परकर आणि नीट निऱ्या काढून नेसलेली साडी त्यांनी इथे पाहिली आणि तिच्यात आपल्या सोयीचा बदल केला. दोन वर्षांनी त्या जोडासाँकोच्या दारात गाडीतून उघडपणे उतरल्या तेव्हा घरात रडारड झाली. काही वर्षांतच बंगालच्या सुशिक्षित घरांतून तीच साडी दिसू लागली. तिचे नाव 'बोंबाई दस्तूर', म्हणजे मुंबईची तऱ्हा. "बघा," सौ. म्हणाल्या, "तुमच्या पेढ्या बुडतात. निऱ्या टिकतात."

मला हे कबूल करावे लागले. कारण व्यापाराचे रक्त या घरात पुन्हा पुन्हा उसळले आणि दर वेळी बुडाले. ज्योतिरिंद्रनाथांनी १८८४ च्या सुमारास खुलना-बारिसाल मार्गावर स्वदेशी आगबोटी सोडल्या. समोर इंग्रज कंपनी. भाव पाडापाडी इतकी झाली की उतारूंना फुकट नेऊन वर मिठाई देण्यापर्यंत मजल गेली! उतारू खूश झाले, बोटी बुडीत निघाल्या. खुद्द रवींद्रनाथांनी पुतण्यांच्या जोडीने कुष्टियाला ताग आणि उसाच्या चरकांचा धंदा काढून पाहिला. त्यातून लाभले ते कर्ज. मात्र आजोबांनी १८४० साली बांधून ठेवलेल्या आणि बापाने सभेत सावकारांपुढे ठेवलेल्या त्याच जमीनदाऱ्या सांभाळायला रवींद्रनाथ पद्मा नदीच्या काठी गेले. तिथली नदी, तिथली रयत, तिथला पोस्टमास्तर त्यांच्या कथाकवितांत उतरले. व्यापारी आजोबांची दूरदृष्टी कवीच्या उपयोगी पडली ती अशी.

आणि रस्ता? रस्ता आणि घर यांची खरी गाठ पडली १६ ऑक्टोबर १९०५ रोजी. त्या दिवशी बंगालची फाळणी अमलात आली. रवींद्रनाथांनी ठरवले की हिंदू-मुसलमानांनी एकमेकांना राखी बांधायची. सकाळी ते जोडासाँकोहून अनवाणी गंगेवर गेले. दुतर्फा माणसे, गच्चीवर बायका. शंख वाजत होते, लाह्या उधळल्या जात होत्या. परतताना दिसेल त्याला राखी, तबेल्यातल्या मोतद्दारांनाही. मग चितपूर रस्त्यावरच्या मशिदीत जायचे असा त्यांनी एकदम बेत केला. पुतणे अवनींद्रनाथ आठवणींत प्रांजळपणे सांगतात की आता दंगाच होणार अशा भीतीने आपण हळूच घरी सटकलो. मंडळी परतली तेव्हा कळले की मशिदीतल्या मौलवींनी हसत हसत राख्या बांधून घेतल्या.

हे अवनींद्रनाथ, त्यांचे बंधू गगनेंद्रनाथ आणि समरेंद्रनाथ यांचे घर ५ नंबर, म्हणजे आजोबांचा तो बैठकखाना. त्याच्या दक्षिणेकडच्या व्हरांड्यात तिघे भाऊ खुर्च्या टाकून चित्रे काढीत बसत. नव्या भारतीय चित्रकलेने तिथेच बाळसे धरले. जिथे द्वारकानाथांनी साहेबांना मेजवान्या दिल्या, तिथे नातवंडा-पतवंडांनी साहेबी चित्रकलेकडे पाठ फिरवली!

जुलै १९४१ मध्ये आजारी रवींद्रनाथांना शांतिनिकेतनहून जोडासाँकोला आणले. ३० जुलैला घरातच शस्त्रक्रिया झाली. ७ ऑगस्टच्या दुपारी, ज्या घरात जन्मले त्याच घरात, त्यांनी देह ठेवला. चितपूर रस्त्याने आजवर इतकी माणसे पाहिली नव्हती.

त्याच सुमारास ५ नंबरचे घरही ठाकुरांच्या हातून गेले. खर्च झेपेना, ते विकावे लागले आणि नंतर पाडले गेले. झुंबरे, दक्षिणेचा व्हरांडा, योगमायादेवींनी जपलेला देव्हारा, काहीच राहिले नाही. कार-टागोर कंपनीचे कागदही पुढे घरच्याच मंडळींनी जाळून टाकले, असे सांगतात. सहा नंबरचे घर मात्र राष्ट्राने जपले. १९६२ साली तिथे रवींद्रभारती विद्यापीठ सुरू झाले. महर्षींच्या घरात आज संग्रहालय आहे.

आम्ही ते पाहिले. तांबड्या रंगाच्या भिंती, हिरव्या झडपा, मधला मोठा चौक, एका अंगाला ठाकुरदालान. कवीची खोली पाहताना सगळेच आपोआप हळू बोलू लागतात. द्वारकानाथांच्या तसबिरीपुढे मात्र फार कोणी थांबत नव्हते. शालजोडी पांघरलेला तो देखणा माणूस जाणाऱ्या-येणाऱ्याकडे पाहत होता.

मी थांबलो. वाटले, या माणसाच्या पदरी जमाही मोठी आणि नावेही मोठे. अफू नावे पडते. राणीगंज, मेडिकल कॉलेज, राममोहनांची सोबत जमेला येते. पण चोपडी माणसाबरोबर मिटत नाही. ती पुढच्या पिढीच्या हाती जाते, आणि ती पिढी तिचे काय करते यावर घराचे भवितव्य ठरते. सावकार येतील म्हणून वही लपवणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आपण होऊन वही पुढे करणारे घर विरळा!

बाहेर पडलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. गल्लीच्या तोंडाशी एका लहानशा दुकानात म्हातारा दुकानदार चष्मा कपाळावर सारून उधारीची वही लिहीत होता. सौभाग्यवतींनी त्याच्याकडून पाणी मागून घेतले, मिठाई घेतली. सुट्ट्या पैशांत त्याच्याकडून दोन रुपये जास्त आले होते. आम्ही दहा पावले पुढे गेलो होतो, सौ. मागे फिरल्या आणि परत देऊन आल्या.

"दोन रुपयांसाठी एवढे चाललात?" मी विचारले.

"आत्ताच कोणाच्या घरातून आलो आपण?" त्या म्हणाल्या.